‘आपली’ शाळा

लेकीची शाळा संपली. २०२५च्या जूनमध्ये ती इथल्या, म्हणजे न्यू जर्सीतल्या, एका ज्यू हायस्कुलातून बाहेर पडली आणि तेव्हापासून आमच्या नातेवाइकांत सरळ दोन पक्ष पडले आहेत. ठाण्याचा पक्ष म्हणतो, सरकारी शाळा फुकट आणि चांगली असताना एवढे पैसे ओतून ज्यू शाळेत कशाला घातलं, तिथून वेगळं काय घेऊन आली? अश्दोदचा पक्ष म्हणतो, ज्यू शाळेत घातलंत हे उत्तम केलंत, पण आता पुढचं वर्ष तिला इस्राएलला पाठवलं नाही तर चारही वर्षं पाण्यात. दोन्ही पक्ष प्रेमाचे आहेत. दोघांनाही फोनवर धड उत्तर देणं जमत नाही, कारण अर्धा वेळ ‘ऐकू येतंय का’ यात जातो आणि उरलेला मामाच्या रक्तदाबात. म्हणून लिहूनच टाकते.

जे आमच्या नात्यातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं आधी. आम्ही बेने इस्राएल. कोकणातले मराठी ज्यू. आडनावं गावांवरून: केहिमकर, पेणकर, नवगावकर, राजपूरकर, दिवेकर. पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून ‘शनवार तेली’. आपलं जहाज नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं आणि मोजकी माणसं वाचली, अशी गोष्ट प्रत्येक घरात सांगितली जाते. पोथ्या बुडाल्या. लक्षात राहिली ती ‘शेमा’ ही एक प्रार्थना, मुलांची सुंता, शनिवार आणि खाण्यातले नियम. एवढ्या शिदोरीवर पिढ्यान् पिढ्या काढल्या. १९४८ नंतर बहुतेक मंडळी इस्राएलला गेली. अश्दोद, लोद, रामला, दिमोना, बीरशेबा इथे आमची निम्मी वंशावळ आहे. भारतात आता काही हजार उरले.

हायस्कूल संपलं की मुलं काय म्हणतात? “या शाळेने मला माझी ओळख दिली.” लेकीच्या वर्गातल्या निदान सहा जणांनी निरोपाच्या भाषणांत हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत म्हटलं. मला ते पटत नाही. ओळख घरी मिळते, स्वयंपाकघरात मिळते, नाहीतर मग बाहेर कोणी खवचटपणे विचारलं की जागी होते. शाळेने ओळख वाटायची म्हटलं की ती गणवेशासारखी होते, सगळ्यांना एकाच मापाची. मग आपल्या समाजाची वेगळी शाळा काढायची तरी कशाला? आमच्या घरातल्या तीन पिढ्या तीन तऱ्हेच्या शाळांतून गेल्या, त्यांच्याकडे बघून मला याचं एक उत्तर सुचलं आहे.

आईपासून सुरुवात. माझी आई माझगावच्या सर एली कदूरी शाळेची. ती शाळा मुळात ‘इस्राएलाइट स्कूल’ म्हणून १८७५ साली निघाली. काढली हाईम सॅम्युएल केहिमकरांनी. त्यामागची कथा मला फार आवडते, कारण ती आपल्या नेहमीच्या ‘धर्मरक्षणासाठी शाळा’ या साच्यात बसत नाही. आपल्या लोकांना हिब्रू शिकवलं कोणी? ख्रिस्ती मिशनऱ्यांनी! डॉ. जॉन विल्सन यांनी, तेच ते विल्सन कॉलेजवाले, १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. कोकणातून मुंबईत आलेली तेल्यांची पोरं मिशनच्या शाळांत जाऊन स्वतःच्याच पूर्वजांची भाषा शिकली, बायबल वाचायला लागली आणि घरी आली ती ज्यू म्हणूनच. ख्रिस्ती फार थोडे झाले. मिशनऱ्यांचा हिशेब चुकला म्हणायचा. पण आपली भाषा दुसऱ्याच्या ओसरीवर बसून किती दिवस शिकायची, हा प्रश्न केहिमकरांच्या पिढीला पडला असणार. म्हणून आपली शाळा. मराठी, इंग्रजी, हिब्रू, तिन्ही. पुढे बगदादी ज्यू व्यापारी सर एली कदूरी यांनी पैसा दिला आणि शाळेला त्यांचं नाव लागलं.

या शाळेवर १९२२ पासून १९५० पर्यंत रिबेका रूबेन मुख्याध्यापक होत्या. १९०५ च्या मॅट्रिकला त्या मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या होत्या. १९०५! मुलीला मॅट्रिकला बसवणं हीच बातमी असायची ते दिवस. आई शाळेत गेली तेव्हा बाई निवृत्त झालेल्या होत्या, पण त्यांचा दरारा भिंतींत मुरलेला होता म्हणते. शिक्षिका नुसतं “रूबेन बाई असत्या तर…” एवढं म्हणायच्या, वाक्य पुरं करायची गरज पडत नसे.

आईला मी मुद्दाम विचारलं, शाळेतून बाहेर पडताना तुला काय वाटलं होतं? तिने १९६३ साली मॅट्रिक केलं, तेव्हाची अकरावी. मला वाटलं परंपरा, समाज वगैरे काही म्हणेल. ती म्हणाली, “नोकरी मिळेल का, एवढंच.” मग थोड्या वेळाने, “आणि रडू आलं. वर्गातल्या निम्म्या मुली इस्राएलला चालल्या होत्या ना.” त्यांचा निरोप समारंभ आणि बोटीवरचा निरोप जवळजवळ एकच झाला. शाळा सुटणं म्हणजे समाज सुटणं. तिला ‘आपण कोण’ हा प्रश्न शाळेत कधी पडलाच नाही, कारण बाकावर डावीकडे पेणकर, उजवीकडे दिवेकर. तो प्रश्न तिला बाहेरून आला, तोही कुठून, तर थेट इस्राएलहून. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने फतवा काढला की बेने इस्राएल माणसाचं लग्न लावण्याआधी त्याच्या आईकडच्या पिढ्या तपासा. म्हणजे ज्यांनी एका प्रार्थनेवर शतकं काढली त्यांनी आता दाखला आणायचा. आपल्या माणसांनी तिथे उपोषणं केली, धरणी धरली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. मामा तेव्हा बीरशेबाला होता. आजही हा विषय निघाला की त्याचा आवाज चढतो. (मामा, चढू देऊ नकोस, गोळी घे.)

माझी शाळा ठाण्यातली, साधी मराठी. पाचवी ते दहावी वर्गात मी एकटी. फॉर्मवर धर्माच्या रकान्यात ‘इतर’. महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये, तोपर्यंत आपण सगळे अधिकृतपणे इतरच होतो. मुलींना वाटायचं मी ख्रिश्चन, त्यांच्या आयांना वाटायचं पारशी, आणि आजोबांचं नाव अब्राहम आहे म्हटल्यावर एका बाईंनी मला ईदला सुट्टी देऊन टाकली. मी घेतली. दुष्टावा कोणी केला नाही हे मुद्दाम सांगायला हवं. हे आपल्या लोकांचं फार मोठं नशीब आहे आणि ते जगातल्या फार थोड्या ज्यूंना लाभलं. पण मला सतत भाषांतर करत राहावं लागायचं. ‘किपूर म्हणजे तुमची एकादशी समज’, ‘मलिदा म्हणजे आपला प्रसाद’. दुसऱ्याला समजावं म्हणून स्वतःचं सोपं करत गेलं की एक दिवस आपल्यालाही ते सोपंच वाटायला लागतं. एकादशीपलीकडे किपूर काय आहे हे मला विसाव्या वर्षापर्यंत कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही. निसीम इझिकेल भायखळ्याच्या अँटोनिओ डिसूझा हायस्कुलात शिकले. कॅथलिक शाळेतल्या ज्यू मुलाचं ते बालपण त्यांनी पुढे कवितेत आणलं आहे. ते कॉलेजात वाचताना मला हेवा वाटला. निदान त्यांना टोचलं तरी होतं. मला कोणी टोचलंच नाही.

म्हणून लेकीला ज्यू शाळेत घातलं. भाषांतर न करता जगायची चार वर्षं तिला मिळावीत, एवढाच हेतू.

आणि झालं भलतंच. पहिल्याच आठवड्यात घरी येऊन म्हणाली, “आई, मी शाळेतली इंडियन मुलगी आहे.” मिडल स्कूलपर्यंत सरकारी शाळेत ती ‘ज्यू मुलगी’ होती, कारण इंडियन तिथे वर्गात आठ होते! इथे दोनशे ज्यू मुलं, जवळजवळ सगळ्यांचे पणजोबा पोलंड-रशियाकडचे. त्यांचा ज्यूपणा म्हणजे बेगल, आजीचे यिडिश शब्द आणि होलोकॉस्टमध्ये गेलेल्या माणसांची नावं. त्यांच्या घरांतली ही जखम खरी आहे, मोठी आहे. पण तीच सगळ्यांची एकमेव आठवण आहे असं धरून शाळा चालते. ‘तुमच्या कुटुंबातलं कोण वाचलं?’ या प्रकल्पाला लेक काय लिहिणार? जहाज फुटलेलं, वाचलेल्यांत आम्ही, असं तिने लिहिलं. शिक्षिका चांगल्या होत्या. त्यांनी अर्धा तास ऐकून घेतलं आणि गुणही दिले.

मुलं मात्र एक प्रश्न हटकून विचारायची: “तुम्ही कन्व्हर्ट कधी झालात?” वाईट हेतूने नव्हे, अगदी मोकळेपणी, जसं आपण ‘गावी कधी आलात’ विचारतो. चार वर्षांत हा प्रश्न तिला किती वेळा आला याची तिने वहीच्या मागच्या पानावर नोंद ठेवली होती. सदतिसाव्या रेघेनंतर थांबली. नववीत ती रडायची. दहावीत तिने पुरावे गोळा केले. २०१६ चा एक जनुकीय अभ्यास आहे, त्यात बेने इस्राएल लोकांत मध्यपूर्वेतलं आणि भारतीय असं दोन्ही रक्त सापडलं, तो छापून तिने दप्तरात ठेवला होता. मला हे अजिबात आवडलं नव्हतं. आजी शुक्रवारी दिवा लावते त्याचा दाखला थुंकीच्या नळीतून का द्यायचा? पण मी गप्प बसले, कारण दप्तर तिचं होतं. अकरावीत तिने तो कागद स्वतःच काढून टाकला. तेव्हापासून ती त्या प्रश्नाला उलट प्रश्न करायला लागली: “आणि तुम्ही?” म्हणजे, तुमचे पूर्वज पोलंडमध्ये कसे पोचले, कधी, वाटेत कोणाकोणाशी लग्नं केली? बहुतेकांना माहीत नव्हतं. दोन-तीन जणांनी घरी जाऊन विचारलं. त्यातली एक तिची जिवलग मैत्रीण झाली.

भाताचं प्रकरण तर ऐकायलाच हवं. पेसाहच्या आठ दिवसांत आपण पाव खात नाही, भात खातो. युरोपातल्या ज्यूंमध्ये भात, डाळी, शेंगा हेही वर्ज्य. तिच्या शाळेतले बरेच जण ज्या पंथाचे आहेत त्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मसमितीने २०१५ मध्ये ‘खायला हरकत नाही’ असं ठरवलं, पण सवय ती सवय. लेकीने डब्यात पेसाहच्या आठवड्यात खिचडी नेली आणि जेवणाच्या टेबलावर जवळजवळ सभा भरली. एकाने सांगितलं हे कोशर नाही. तिने विचारलं, “कोणासाठी?” आता मला सांगा, ठाण्याच्या माझ्या शाळेत हे भांडण झालं असतं का? कोणाला काय पडलेलं होतं? भांडायलाही समोरच्याला ती गोष्ट जवळची वाटावी लागते. आपली शाळा हवी ती यासाठी, असं माझं मत हळूहळू बनत गेलं. घरच्या गोष्टीवरून घरच्या लोकांशी, दारं लावून, नियम माहीत असलेल्या दोन माणसांनी भांडावं. बाहेरच्यांशी नुसता खुलासा होतो.

शाळेत तालमूद शिकवायची पद्धतही तशीच. दोन-दोन मुलं समोरासमोर बसतात आणि एका परिच्छेदावर मोठमोठ्याने वाद घालतात. मी पालकसभेच्या दिवशी तो वर्ग बघितला. मंडईत गेल्यासारखं वाटलं. तिथे लेकीला मिश्नामधल्या एका जागेने पकडलं. प्रश्न असा की, निर्णय जर बहुमताने लागतो, तर हरलेल्याचं मत लिहून कशाला ठेवायचं? एक उत्तर असं, की पुढे कधी एखाद्या न्यायपीठाला ते मत योग्य वाटलं तर त्याला आधार मिळावा. आणि लगेच खाली दुसरं उत्तर अगदी उलटं: कोणी म्हणालाच की मी असं ऐकलंय, तर त्याला सांगता यावं की हो, ऐकलं असशील, पण ते तेव्हाच बाजूला ठेवलेलं मत आहे. दोन्ही उत्तरं जपून ठेवली आहेत! अल्पमत का जपायचं यावरही एकमत नाही. लेक हे मला रात्री अकरा वाजता सांगत होती, मी भांडी लावत होते, आणि माझ्या मनात आलं की मला पाचवी ते दहावीत हे कोणी सांगितलं असतं तर फॉर्मवरचं ‘इतर’ मी जरा ताठ मानेने लिहिलं असतं.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने आपल्या सणांची जुनी नावं घेतली. केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहून ठेवला आहे, १८९७ मध्ये लिहून पुरा झालेला, छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला, त्यांच्या पश्चात. त्यात ही नावं आहेत. रोश हशाना म्हणजे ‘नव्याचा सण’. त्याच्या मागोमाग ‘खिरीचा सण’. किपूरचं नाव ‘दारफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारं लावून घरात राहायचं, बाहेरच्या कोणाला शिवायचंही नाही. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. पेसाह म्हणजे ‘अनाशी ढाकायचा सण’, आंबट कालवणाचं मडकं झाकून ठेवायचं. पुरिम हा ‘होळीचा सण’, कारण त्याच सुमारास येतो. आणि जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास ‘बिरड्याचा सण’, कारण उपास सोडायला वालाचं बिरडं!

वर्गाला तिने हे सांगितलं तेव्हा मुलं बिरड्यावर हसली, आणि तीही हसली. पण मग तिने सांगितलं की या यादीत एक नाव नाही. हनुक्का. अमेरिकेत जो ज्यूंचा सगळ्यात दणदणीत सण, तो आपल्या पूर्वजांना ठाऊकच नव्हता. आपल्याकडची समजूत अशी की हनुक्काची घटना घडण्याआधीच पूर्वज तिथून निघाले होते. (इतिहासकार यावर माना हलवतात. हलवू देत.) म्हणजे ज्यांना ‘कन्व्हर्ट कधी झालात’ विचारलं जातं, ते स्वतःच्या हिशेबाने हनुक्कापेक्षा जुने. वर्ग गप्प झाला म्हणे. ही माझ्या लेकीने सांगितलेली हकिगत असल्यामुळे गप्प होण्याचं प्रमाण थोडं कमी करून घ्यावं.

या प्रकल्पासाठी ती रोज रात्री आजीला फोन करायची. आजी केहिमकरांशीही सहमत नव्हती. “पुस्तकात काहीही लिहितात, खीर अशी करायचीच नाही.” लेकीचं मराठी आधी ‘जेवलीस का’ एवढंच होतं, आता तिला पायली, पाटा, विरजण, उंबरा हे शब्द येतात. हे मराठी तिला न्यू जर्सीच्या ज्यू शाळेने शिकवलं, माझ्या रविवारच्या शिकवण्यांनी नव्हे. ठाणे पक्षाने कृपया नोंद घ्यावी.

आता अश्दोद पक्षाकडे वळते. हे लिहायला जड आहे.

७ ऑक्टोबर २०२३ ला लेक अकरावीत होती. त्या दिवसानंतर शाळेच्या फाटकावर रखवालदार वाढले, पालकांना ओळखपत्राशिवाय आत सोडेनात. मामा, तुमच्या घरी भोंगे वाजत होते, नातू राखीव दलात बोलावला गेला होता, आणि इथे ही रोज सकाळी फोन बघून मगच दात घासायची. शाळेत प्रार्थना वाढल्या, ओलिसांची चित्रं लागली. ते दुःख तिचंही होतं. मग काही महिन्यांनी तिने वर्गात विचारलं की गाझात जी मुलं हजारोंनी मेली त्यांच्याबद्दल आपण या वर्गात कधी बोलणार आहोत. दोन मैत्रिणींनी बोलणं टाकलं. त्यातल्या एकीने अजून सुरू केलेलं नाही. शिक्षकांनी तिला गप्प केलं नाही, एवढं श्रेय देते. पण पुढचे तीन आठवडे ‘आपण सध्या अभ्यासावर लक्ष देऊ’ असंच चाललं. त्याच सुमारास एक कॉलेज बघायला गेलो तर तिथे आवारात मोर्चा. एका मुलाने हिच्या गळ्यातला सहा टोकांचा तारा बघून तिच्याकडे असं पाहिलं की ती तो शर्टाच्या आत टाकून परत गाडीत येऊन बसली. गाडीत म्हणाली, “शाळेत मी पुरेशी ज्यू नाही, इथे जरा जास्तच आहे.”

काय बोलणार होते मी? गाडी चालवली.

तिने त्या वर्षाचं इस्राएल नाकारलं ते मार्चमध्ये, जूनच्या इराण-युद्धाच्या आधी. जूनमध्ये, समारंभाच्याच सुमारास, ते बारा दिवसांचं युद्ध झालं, विमानं बंद पडली, आणि सगळ्यांना वाटलं की घाबरून जात नाहीये. तसं नाही. वर्गातली बरीच मुलं ऑगस्टअखेर गेली, तिची ती जिवलग मैत्रीणही गेली. लेकीचं म्हणणं, सगळा वर्ग जातोय म्हणून गेले तर मी वर्गाबरोबर जाईन, मामाआजोबांकडे नाही. मला हे पटलं. मामा, तुला अठराव्या वर्षी बोटीत बसवलं तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, आणि तरी तू तिथे उभा राहिलास, १९६४ मध्ये रस्त्यावर बसलास, त्या देशाला सांगितलंस की मला दाखला मागू नका. लेकीने वर्गात उठून जे विचारलं ते मला त्याच जातीचं वाटतं. तुला वाटणार नाही, ठाऊक आहे. पण तू ज्या देशाशी भांडलास तो तुझा होता म्हणूनच भांडलास ना? तीही परक्यासारखी बोलली नाही. परकी असती तर गप्प बसली असती किंवा शाळा सोडून गेली असती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेला त्याच बाकावर जाऊन बसली.

फीबद्दल ठाण्याचं म्हणणं अगदी रास्त आहे. वर्षाला तीस हजार डॉलरच्या वर फी, सवलत धरूनही आमचं कंबरडं मोडलं. यात एक मोठा अन्याय आहे: पैसे नसणाऱ्या ज्यू घरातल्या मुलाला ‘आपली’ शाळा परवडतच नाही. केहिमकरांची शाळा तेल्या-सुतारांच्या, कारकुनांच्या मुलांसाठी होती. भायखळ्याच्या सर जेकब ससून शाळेत आज बहुतेक सगळी मुलं मुसलमान आहेत, आणि माझगावच्या शाळेतही ज्यू मुलं शोधावी लागतात. ज्यू विश्वस्तांच्या शाळेत मोहल्ल्यातली मुलं शिकतात, हे मला मनापासून आवडतं. ज्या गावाने आपल्याला इतकी वर्षं सांभाळलं त्याला यापेक्षा चांगलं काय देणार? आई मात्र म्हणते, “चांगलंच आहे गं, पण बाकावर डावीकडे पेणकर नाही.” दोन्ही खरं आहे.

समारंभात एकेका मुलाचं नाव पुकारलं. आमच्या आडनावातल्या ‘कर’चा ‘कार’ झालाच. नववीत ती आडनाव तोडून लिहायच्या गोष्टी करत होती. इस्राएलमध्ये आपल्या कित्येक जणांनी ‘कर’ सोडलं, त्यांना मी नावं ठेवत नाही, तिथे नोकरी मिळवायची होती. हिने या वेळी मंचावर जाण्याआधी नावं वाचणाऱ्या सरांना गाठून तीन वेळा उच्चार करून घेतला होता म्हणे. सरांनी तरी ‘कार’च म्हटलं. ती हसत हसत गेली, प्रमाणपत्र घेतलं आणि परत येताना माईकजवळ थांबून आडनाव स्वतः बरोबर म्हणून आली. मागच्या रांगेतल्या आजोबांनी त्यांच्या बायकोला विचारलं, ही मुलगी स्पॅनिश का?

असो. आता ती कॉलेजात आहे. खोलीतली जोडीदारीण हैदराबादची, पहिल्याच दिवशी हिला विचारून बसली, “तू ज्यू? म्हणजे कन्व्हर्ट का?” अडतिसावी रेघ.

तिने सणांची यादी अजून बंद केलेली नाही, आता ती घरोघरच्या पद्धती गोळा करते आहे. खिरीच्या सणाच्या चार पाककृती आल्या, चारही एकमेकींना खोट्या पाडणाऱ्या, आणि तिने चारही लिहून ठेवल्या आहेत. बिरड्याला सहा. पण ‘शिळा सण’ या नावासमोर एकच ओळ आहे, पुस्तकातली, की त्या दिवशी गरिबांना दान करायचं आणि आप्तांना भेटायला जायचं. आईला तिच्या आजीच्या घरचं एवढंच आठवतं की सकाळी लवकर कोणाला तरी काहीतरी वाढून ठेवायचे आणि मुलांना त्या खोलीत जाऊ देत नसत. रेवदंड्याची मोठी मावशी यंदा नव्वदीची झाली. ठाणे पक्षातलं कोणी या महिन्यात तिकडे जाणार असेल तर तिला विचारून कळवा, काय वाढायचे, आणि कोणाला.